आबांच्या वर्षश्राद्धाची धून

वडिलांच्या वर्षश्राद्धाला शिरपूरला आपण असं संगीत वाजवणार, जे खानदेशात आजवर कुणी ऐकलेलं नाही, असं रुपचंदने धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते खरंच निघालं. वाजवून झाल्यावरही ते कुणी ऐकलेलं नव्हतं!

प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून रुपचंद जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपवर धुना बनवायचा. त्या चिपमधून एका वेळी चारच आवाज निघतात, तेही सर्दी झालेल्या पिपाणीसारखे. त्या चार आवाजांत त्याने वर्षभर खपून आबांसाठी अकरा मिनिटांची धून रचली. आबा रेडिओ दुरुस्त करायचे. स्टेशन लागण्याआधी रेडिओतून जी शीळ येते, तिथून धून सुरू व्हायची.

जळगावच्या रतिलालला त्याने ती फोनवर ऐकवली होती. दोघांनी चिपचा नाद एकदमच धरलेला, पण रतिलाल पुढे डीजेवाल्यांना ट्रॅक करून देऊ लागला. त्याने ती तिकडे उतरवून घेतली, खाली डीजेचा दणदण ठेका टाकला आणि रुपचंदला पाठवली.

"या डान्स म्युझिकने चिपची वाट लावली," रुपचंद म्हणाला. "जो उठतो तो खाली तोच ठेका टाकतो. आधी ताटकळत ठेवायचं, मग दणका. चाल राहते कुठे?"

"अरे, चिप मुळात खेळातली. ठेक्यामुळे निदान खोलीबाहेर तरी आली."

"माझे आबा गेलेत, रतिलाल."

"म्हणूनच टाकला. नुसतं टुंईटुंई कुणाला कळणार?"

तीन महिने दोघं बोलले नाहीत.

गेमच्या आतली बॅटरी कधीच मेली होती. वीज तुटली की धून पुसली जाणार. तरी रुपचंदने दुसरीकडे उतरवून घेतली नाही. चिपचा आवाज चिपमधूनच यावा, हा त्याचा हट्ट. बसमध्ये तो पॉवर बँक उंच धरून बसला, जणू मांडीवर सलाईन लावलेला पेशंट होता. घरी पोचताच त्याने गेम ओसरीवरच्या इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडला.

जेवणाआधी ऐंशी माणसं मंडपात बसली. रुपचंदने हात जोडले, बटण दाबलं आणि डोळे मिटले. शीळ सुरू झाली.

"हाई काय वाजी ऱ्हायनं?" कुणीतरी विचारलं.

"इन्व्हर्टर बोंबली ऱ्हायना," मागून उत्तर आलं.

"मांगला साले आम्हना घर असाच वाजना, मंग पेटना."

एवढं पुरे झालं. बायका लेकरं उचलून रस्त्यावर आल्या. आचाऱ्याने शेगडी बंद केली. रुपचंद डोळे उघडून "अरे, ते संगीत आहे" म्हणेपर्यंत त्याचा चुलतभाऊ झिपरू ओसरीवर धावला होता. त्याने बोर्डातल्या सगळ्या पिना उपटल्या.

"वाचनूत," झिपरू घाम पुसत म्हणाला.

रुपचंदने पिन परत लावली. गेमचा पडदा उजळला. कोरा होता. तो तिथेच जमिनीवर बसला. आबांना पोचवून आल्यावरही तो असा बसला नव्हता.

भांडण असूनही रतिलाल आला होता. त्याने बरोबर आणलेल्या स्पीकरला फोन जोडला. तीच शीळ निघाली, पण खाली दण दण दण दण. रस्त्यावरची माणसं हळूहळू मंडपात परतली. एका म्हाताऱ्याची मान हलू लागली. रुपचंदची आई, मंजुळाबाई, शेवटपर्यंत बसून होती.

"हाई गानं शे व्हय?" तिने विचारलं.

"व्हय, माय. आबांसाठी बनवलं."

"मंग तव्हय काब्र नही सांगं? मीबी पयनी ना रे." मघाशी बायकांबरोबर तीही रस्त्यावर पळाली होती. तिने पदराने डोळे पुसले.

जेवणं उरकली. झिपरू सुपारी कातरत रतिलालकडे आला. "भाऊ, मंगळवारी पोरनी हयद शे. हाईच लावजो. बठ्ठा नाचतीन."

रतिलालने रुपचंदकडे पाहिलं. रुपचंदने समोरची पत्रावळ दुमडली.

"लाव," तो म्हणाला. "फक्त शिळेवर ठेका नको टाकूस. पहिल्या चार मात्रा ती नुसतीच वाजू दे."

"हळदीत चार मात्रा कोण थांबतं, रुपचंद?"