बाबांच्या गाठी आणि नवा टेप

विजेच्या कामात मला कुणी शिकवायला येऊ नये. आमच्या घरातला पंखा मी दुरुस्त केलाय, मिक्सर मी दुरुस्त केलाय, दारावरची बेलसुद्धा मीच. ती दाबली की स्वयंपाकघरातला दिवा जातो ही गोष्ट वेगळी, पण वाजते! त्यामुळे त्या रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "तो नवा टेप आज जुन्या गाडीत बसवायला हवा," तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम."

घाईला कारण होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुपारी तिला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. माझी गाडी चांगली ऐसपैस, पण बाबांनी हट्टच धरला. आई येणार ती त्यांच्या जुन्या गाडीतून, आणि तिच्या आवडीच्या गाण्यांची कॅसेट वाजत असतानाच.

"इतके दिवस त्या खोलीत मशीनची टिकटिक ऐकून कंटाळलीय रे ती," ते शनिवारी म्हणाले होते. बाबा असं काही सहसा बोलत नाहीत. त्यामुळे मी त्याच दिवशी टेप घेऊन ठेवला होता.

खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. लहानपणी मी आणि ताई त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायचो. उन्हात तापलेल्या रेक्झिनला मांड्या चिकटायच्या, खिडकीपायी रोज भांडणं व्हायची. पुढे टेप लागला की आई हळूच गुणगुणायला लागायची, आणि आम्ही दोघं मुकाट्याने भांडण मिटवून ऐकायचो. गाणं नाही, आईला. मग एक दिवस त्या टेपने कॅसेट गिळली आणि स्वतःही मान टाकली. पुढे आम्ही मोठे झालो, ताई लग्न होऊन गेली, गाडी उभी राहायला लागली. पण त्या सीटवर मी जितका सुखी होतो तितका पुढे कुठेच झालो नाही.

"वायरमनला बोलव," बायको दारातून म्हणाली.

"रविवारी कोण येणार? आणि मी काय मेलोय?"

मिक्सरचा विषय तिने काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

मी पान्हे घेऊन गाडीत शिरलो, जुना टेप बाहेर ओढला आणि बघतच राहिलो. मागे नुसत्या पिवळ्या वायरी. लाल नाही, काळी नाही, सगळ्या एकजात पिवळ्या, आणि जिथे तिथे गाठी! एकीला एक गाठ, दुसरीला तीन, काहींना तर मोजवत नव्हत्या. मला अव्यवस्थितपणा खपत नाही. मी नखं लावली, स्क्रू ड्रायव्हर लावला, शेवटी दात लावले आणि एकूण एक गाठ सोडवली. वायरी कशा विंचरल्यासारख्या सरळ झाल्या. मग कौतुक करून घ्यायला बाबांना हाक मारली.

बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालूनच आले. वाकून त्यांनी आत पाहिलं.

"गाठी कुठायत?"

"सोडवल्या. काय गुंता होता, बाबा!"

बाबा मटकन पायरीवर बसले. "अरे, घर बांधलं तेव्हा पिवळ्या वायरीचं भेंडोळं उरलं होतं. टाकवेना. गाडीची सगळी वायरिंग मी त्यातच भागवली. सगळ्या पिवळ्या, मग ओळखायच्या कशा? म्हणून गाठी. एक गाठ दिव्याची, दोन हॉर्नच्या..."

"आणि टेपच्या किती?"

"ते लक्षात राहिलं असतं तर गाठी कशाला मारल्या असत्या?"

आता आली पंचाईत. एकेक वायर लावून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिली लावली तर टेप सुरू झाला, बंद झाला, सुरू झाला, बंद झाला. गायिका एक शब्द म्हणायची आणि एक गिळायची. बाहेर पाहिलं तर वळणाचा दिवा त्याच तालावर लुकलुकत होता. दुसरी लावली तर हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. शेजारचे काका लुंगीवर बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांचा कुत्रा आला, आणि दोघांनीही आपापल्या परीने मत मांडलं. मी वायर ओढून काढली.

तेवढ्यात ताईचा दवाखान्यातून फोन. "आई तयार होऊन बसलीय. निघालात का?"

"निघालोच," मी डॅशबोर्डखालून म्हणालो.

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. आणखी एक वायर जोडली, आणि काय सांगू, टेप खणखणीत वाजायला लागला! बाबांचा चेहरा उजळला. मला मिठी मारायला ते उतरू लागले आणि गाणं बंद. ते परत बसले, गाणं सुरू. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बसलं की त्यांचा पाय सवयीने ब्रेकवर जात होता. मी टेप ब्रेकच्या दिव्याला जोडला होता.

दुसरी वायर शोधायला वेळ नव्हता. तसेच निघालो.

ताई दवाखान्यातूनच तिच्या घरी गेली. परत येताना आई पुढे बसली, मी तिचा वॉकर मांडीवर घेऊन मागे. रस्ता मोकळा होता, आणि तेच संकट होतं. बाबा इकडेतिकडे बघून ब्रेकला हलकेच पाय लावायचे, गाणं सुरू व्हायचं, मागच्या गाड्या बोंबलायच्या, मी काचेतून त्यांना हात जोडायचो.

"हे मधेच का थांबतं हो?" आईने विचारलं.

"नवीन आहे. रुळायचंय अजून."

मग गाणं थांबलं की आई पुढच्या ओळी स्वतःच म्हणायला लागली. टेप मात्र थांबला तिथूनच उठायचा, तोवर आई पुढच्या कडव्यात पोचलेली असायची. ती हसायला लागली. बाबाही हसायला लागले.

"चला, बरं झालं," आई म्हणाली. "आयुष्यभर सांगत आले, जरा सावकाश चालवा म्हणून. आज ऐकलंत."

घरासमोर गाडी थांबली. मी वॉकर घेऊन आईचं दार उघडलं.

"थांब रे, एवढं गाणं होऊ दे," ती म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं. बाबांचा पाय ब्रेकवरच होता.

मी उन्हात वॉकर धरून उभा राहिलो. एक गाणं झालं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटी एकदाची कॅसेटची बाजू संपली आणि मी दाराकडे हात नेला. आत खट्ट झालं आणि दुसरी बाजू सुरू झाली. जुन्या टेपमध्ये कॅसेट हाताने उलटावी लागायची. हा टेप आपोआप उलटतो. दुकानात हट्टाने मीच तसा मागून घेतला होता.