पाहून झाल्यावर जमा करावे

सरकारने इंटरनेटवरची जी पानं बंद केली आहेत, ती सगळी नागरिकांना पाहायला खुली आहेत. फक्त जे पाहिलं-ऐकलं, ते निघताना दाराशी जमा करावं लागतं. तालुक्याच्या पारदर्शकता कक्षात हे चपला काढून ठेवण्याइतकं सहज चालतं. जमा केलेल्या आठवणीची पावती मिळते. तीही तिथेच फायलीला लावून घेतात.

इंदुमती खरटमल त्या दिवशी पहिल्यांदाच कक्षात आली. तिचा थोरला भाऊ सुधाकर आपल्या पानावर रोज गावच्या गढूळ पाण्याबद्दल बोलायचा. तो वारला आणि त्याच आठवड्यात पान बंद झालं. शेवटच्या दिवशी तो बहिणीला उद्देशून काहीतरी बोलला होता, एवढंच शेजाऱ्यांनी तिला सांगितलं. ते ऐकल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नव्हती.

लिपिक बोधे यांनी अर्ज पाहिला. “ताई, हा तुमचा बारावा अर्ज.”

“काहीतरीच काय साहेब! मी आजच येतेय.”

“सगळे असंच म्हणतात.” त्यांनी नोंदवही तिच्यासमोर सरकवली. अकरा सह्या होत्या, सगळ्या तिच्याच हातच्या.

इंदुमतीने सह्यांवरून बोट फिरवलं. “मग मी ऐकलं होतं?”

“दर वेळी, शेवटपर्यंत. वहीत तशी नोंद आहे.”

“काय म्हणाला दादा?”

“मलाही रोज पाच वाजता जमा करावं लागतं, ताई.”

ती आत गेली, कानांना यंत्र लावून बसली आणि ऐकलं. ऐकून झाल्यावर ती मन मोकळं होईपर्यंत रडली. मग दारापर्यंत येऊन उंबऱ्याच्या आतच थांबली.

“साहेब, आत किती वेळ बसता येतं?”

बोधे यांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती. त्यांनी तिला पाठ टेकायला बरी खुर्ची आणून दिली.

तिसऱ्या दिवशी तिचे यजमान डबा घेऊन आले. कक्षाची भिंत नियमाप्रमाणे काचेची होती आणि रोज पुसली जायची. त्यांनी बाहेरून हाताच्या खुणेनेच विचारलं, काय म्हणाला? इंदुमतीने दादाचं सगळं बोलणं, एकही शब्द न गाळता, त्यांना सांगितलं. काचेतून आवाज येत नव्हता. ते तिच्या ओठांकडे शेवटपर्यंत बघत राहिले, डबा बोधे यांच्याकडे दिला आणि घरी येऊन मुलींना म्हणाले, “आईला कळलं गं.”