देवरेकाकांची तपासणी

सकाळी सातच्या ठोक्याला आमच्या मजल्यावर आरोळी घुमते, "पास!" किंवा "रिजेक्ट!" नवा भाडेकरू दचकतो. आम्ही दूध तापवत राहतो. समोरचे देवरेकाका चिंगीची गादी तपासत असतात.

काका सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात हयात गेली. खोट्या रिपोर्टवर आपण कधीच सही केली नाही, हे ते ओळख होताच सांगतात, नाव नंतर. चिंगी त्यांची अकरा वर्षांची गावठी कुत्री. मध्यंतरी ती झोपेत गादी ओली करू लागली. डॉक्टर मॅडमनी लघवी तपासली, जंतू नव्हते. नसबंदी झालेल्या कुत्रीचा लघवी रोखणारा स्नायू वयानं सैल पडतो म्हणाल्या, आणि रोजची गोळी दिली. काकांनी मला ते त्यांच्या भाषेत समजावलं, "व्हॉल्व्ह ढिला झालाय. बाकी मशीन ठणठणीत!"

मग रजिस्टर आलं. गोळीची वेळ, गादीचा निकाल, आणि शेवटी 'दोष कोणाचा' असा रकाना. काका गुडघे टेकून गादी चाचपत, नाक लावून हुंगत. सलग पंधरा दिवस "पास!" ऐकू आलं आणि काकांनी 'दुरुस्ती पूर्ण' असा शेरा मारून गोळी बंद केली.

"मॅडमना विचारलंत का?" मी म्हटलं.

"दुरुस्त मशीनला रोज पाना लावतं का कोणी?"

उत्तर चिंगीनंच दिलं. आमच्या चेअरमनसाहेबांनी लॉबीत मोठ्या हौसेनं नवा सोफा आणलाय. त्यावर काका पेपर वाचत होते, शेजारी चिंगी घोरत होती. ती उठली आणि खाली हा एवढा ओला डाग! नेमके चेअरमन समोर. कुत्रीनं पुन्हा घाण केली तर तिला सोसायटीबाहेर काढू, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"कोणी केलं हे?"

चिंगी सोफ्याखाली शिरली. काका पेपराची घडी घालत उठले.

"मी."

"काय?"

"मी केलं. वय झालं साहेब. डोळा लागला आणि झालं."

लॉबीत आम्ही पाचसहा जण होतो. कोणी हसलं नाही. मला हसू येणार होतं, पण डोळेच भरून आले. चेअरमन लालबुंद झाले, "काळजी घ्या काका" म्हणत लिफ्टमध्ये शिरले. काका कण्हत खाली वाकले आणि सोफ्याखाली हात घालून हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले, "भिऊ नको माय, मी शे ना."

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. 'गोळी पुन्हा सुरू. मॅडम म्हणतात, आता कायम.' पुढे 'दोष कोणाचा' या रकान्यात लिहिलं होतं, 'तपासनिसाचा'. खाली सही.