दहाव्याला सुसाट

सहादेवराव सकाळी साडेसहापासून फाट्यावर उभे होते आणि एसटीचा पत्ता नव्हता. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाच्यासाठी टॉवेल-टोपी आणि बहिणीसाठी साडी. आठच्या आत पिंपळखुंटाच्या घाटावर पोचायचं होतं. तिथे त्यांच्या दाजींचा, म्हणजे बहीण लंकाबाईच्या नवऱ्याचा दहावा होता.

बायको आक्काबाई आणि भावकीतल्या बायका पहाटेच जीपने पुढे गेल्या होत्या. जीपमध्ये सहादेवरावांनाही जागा होती. पण "तुमी व्हा म्होरं, मी डेअरीला दूध घालून आलोच" असं म्हणण्याची त्यांना जन्माची खोड. या 'आलोच'पायी माणसाने आयुष्यात काय काय घालवलं ते विचारू नका. अकरा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात गुरुजी माईकवरून "मामा, मुलीला घेऊन या" म्हणून घसा कोरडा करत होते, आणि सख्खे मामा शेवगावच्या स्टँडवर चहात बिस्कीट बुडवत होते. शेवटी शेजारचा एक माणूस मामा झाला आणि अक्षता पडल्या. त्या दिवसापासून लंकाबाई भावाशी एक शब्द बोलली नव्हती. दाजी गेल्यावर मात्र तिने निरोप धाडला, "दहाव्याला तरी येळेवर ये. न्हाई आलास तर मला भाऊच न्हाई, असं समजंन."

म्हणून सहादेवराव आज खरंच घाबरले होते. सात वाजले तेव्हा तर त्यांना रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात फाट्यावर कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि धुळीतून त्यांचा जावई अंगद प्रकट झाला.

अंगद नगरच्या एमआयडीसीत कामाला. लग्नाला सहा महिने झालेले. नवी कोरी दोनशे सीसीची मोटारसायकल, तिला मुद्दाम बसवलेला फटफट वाजणारा सायलेन्सर, आणि मागची सीट पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच.

"मामा, बसा. मामींचा फोन आला होता. पंचवीस मिनिटांत पोचवतो."

"पस्तीस किलोमीटर हाय, जावईबापू."

"म्हणून तर पंचवीस म्हटलं."

हेल्मेट एकच होतं. अंगदने ते मोठ्या आदराने सासऱ्याच्या डोक्यावर, टोपीसकट, दाबून बसवलं आणि हनुवटीखाली पट्टा खटकन लावला. हेल्मेटची काच काळी कुळकुळीत. सहादेवरावांच्या जगात अचानक संध्याकाळ झाली.

"रस्ता कसाय, मामा?"

"सरळ जायचं. नदीवरचा पूल आला, की डाव्या हाताला घाट," सहादेवराव हेल्मेटच्या आतून म्हणाले. पण नदी पुढे वळसा घालून रस्त्याला दुसऱ्यांदा आडवी येते आणि तिथेही एक पूल आहे, हे काही ते बोलले नाहीत. बोलायला वेळच कुठे मिळाला? गाडी निघाली होती.

पहिल्या मिनिटात धोतराचा सोगा पाठीमागे झेंड्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या मिनिटात बाभळी दिसायच्या बंद झाल्या, नुसती हिरवी रेघ दिसू लागली. एका उसाच्या ट्रॅक्टरला त्यांनी असं ओलांडलं, की सहादेवरावांना उसाचा वास आला आणि त्याच क्षणी समोरच्या टेम्पोचा हॉर्नही आला. सीट पुढे उतरती. त्यामुळे जावई ब्रेक दाबायचा तेव्हा सासरा घसरत जाऊन त्याच्या पाठीला चिकटायचा. आता जावयाला "हळू चालव रे बाबा" म्हणायचं तरी कसं? सहा महिन्यांचा जावई! रुसला तर पोरीला ऐकून घ्यावं लागायचं. सहादेवरावांनी सभ्य मार्ग काढला. त्यांनी अंगदच्या पाठीवर दोनदा हलकेच थोपटलं. त्याचा अर्थ, 'पुरे आता.'

अंगदला भरून आलं. सासऱ्याने आजवर पाठीवर शाबासकी दिली नव्हती. त्याने ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

सहादेवरावांनी जोरात थोपटलं. गाडी शंभरावर गेली. मग त्यांनी थोपटणं सोडलं, डोळे मिटले आणि ज्या ज्या देवांची नावं आठवली ती घेतली. मध्येच चाकांखाली पूल धडधडला, सायलेन्सरचे पाच-सहा बार उडाले आणि खालून माणसांचा कल्ला ऐकू आला. कुणीतरी हात वर करून धावत होतं. अंगदने पण हात वर केला. गाडीचं कौतुक करणारी माणसं त्याला फार आवडत. त्या नादात पूल मागे पडल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

गाडी थांबली तेव्हा साडेसातही वाजले नव्हते. पूल होता. डाव्या हाताला घाट होता. घाटावर पांढऱ्या टोप्या, महाराजांचं प्रवचन, एका बाजूला बायका. सहादेवरावांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वेळेवर आले होते!

"मामा, हेल्मेट काढा की."

"निघंना. खटका अडाकलाय."

दोघांनी ओढून पाहिलं. मान निघायची वेळ आली, हेल्मेट निघेना. "ऱ्हाऊ द्या," म्हणत सहादेवराव तसेच पायऱ्या उतरले. अंगदला तर इथलं कुणीच ओळखीचं नव्हतं. तो मागे हात जोडून उभा राहिला.

प्रवचन थांबलं. सगळा घाट हेल्मेटकडे बघू लागला. पण दहाव्याला आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण' असं विचारायची आपल्याकडे रीत नाही.

"डोक्याला लागलंय वाटतं," एकजण कुजबुजला.

"डॉक्टरनं काढू नका म्हनून सांगितलं आसंल. तरी आला बिचारा."

सहादेवराव थेट मुंडण केलेल्या मुलाकडे गेले. काळ्या काचेतून सगळी मुंडकी सारखीच, त्यात भाच्याला पाहून अकरा वर्षं झालेली. त्यांनी त्याला कवटाळलं, त्याच्या कपाळावर हेल्मेट आपटलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हंबरडा फोडला. तो मुलगा गोरक्षनाथ नावाचा, बोरटाकळीचा. तो कपाळ चोळत विचार करत होता, की हे पाहुणे आईकडचे की आत्याकडचे.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. ते येण्याआधीच तासभर झाला होता. एक म्हातारा उठून म्हणाला, "कुनाचं काय बोलायचं ऱ्हायलं आसंल तर बोला बाबांनो. जीव अडाकलाय त्यांचा."

सहादेवराव हात जोडून पुढे झाले. हेल्मेटमधून आवाज रांजणातून यावा तसा आला. "दाजी, माझंच चुकलं! लग्नात मी येळेवर आलो न्हाई. तुमच्या मनात त्ये ऱ्हायलं आसंल. पर आता माझ्या बहिनीला मी अंतर द्यायचो न्हाई. शब्द देतो!"

आणि काय सांगावं! नदीच्या वरच्या अंगाने दहा-बारा कावळ्यांचा थवा कावकाव करत आला आणि एकाने सरळ पिंडाला चोच मारली. माणसांच्या अंगावर काटा आला. बायका डोळे पुसू लागल्या. आपल्या बापाचा एवढा जिवाभावाचा सोयरा होता आणि आपल्याला ठाऊकच नाही, या विचाराने गोरक्षनाथाला हुंदका आवरेना. त्याने मोठ्या मायेने सहादेवरावांच्या हनुवटीखालचा खटका दाबला. तो त्याला बरोबर जमला.

हेल्मेट निघालं. लख्ख उजेड पडला. सहादेवरावांनी डोळे चोळून पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढ्या माणसांत एक चेहरा ओळखीचा असेल तर शपथ! त्याच वेळी खिशातला मोबाईल वाजला. हेल्मेटमुळे याआधीचे अकरा फोन त्यांना ऐकूच आले नव्हते.

"कुठं हायेत तुमी?" आक्काबाईंचा आवाज घाटभर ऐकू गेला.

"दहाव्याला हाय की."

"कुनाच्या?"

हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता. त्यांनी गोरक्षनाथाला हळूच विचारलं, "बाळा, ह्ये पिंपळखुंटच न्हवं?"

"न्हाई मामा, बोरटाकळी. पिंपळखुंट मागं ऱ्हायलं, सा किलोमीटर."

'मामा' म्हणाला पोरगा! त्याच्या खांद्यावरचा टॉवेल आता परत मागायचा तरी कोणत्या तोंडाने? सहादेवरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, सगळ्या घाटाला नमस्कार केला आणि साडीची पिशवी घेऊन पायऱ्या चढले. मागून म्हातारा म्हणत होता, "घाईचा मानूस दिसतोय. पर काळजाचा चांगला."

वर अंगद विचारत होता, "झालं पण, मामा? इतक्या लवकर?"

"जावईबापू," सहादेवराव म्हणाले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, "गाडी माघारी घ्या. आन आता येक जरी बार उडाला, तर मी हितंच उडी टाकंन!"

पिंपळखुंटाला पोचायला पाऊण तास लागला. अंगद सायकलपेक्षाही हळू चालवत होता आणि सहादेवराव मागे हिशेब लावत होते. आठ कधीच वाजून गेले होते. कावळा शिवला असेल, माणसं पांगली असतील. बहीण घाटावरून घरी गेली असेल आणि दार लावून बसली असेल. आता कुठला भाऊ आणि कुठलं काय!

पण घाटावर माणसं होती. सगळी होती. पिंड तसेच मांडलेले, भाचा राम उन्हात ताटकळलेला आणि माणसं तापलेली. दोघे पायऱ्या उतरू लागले तोच एकजण ओरडला, "आरं हीच ती गाडी! ह्योच त्यो!"

अंगदला काही कळायच्या आत त्याची कॉलर चौघांच्या हातात होती.

"कावळा पिंडावर उतरला हुता रं! चोच मारनार, तेवढ्यात पुलावरनं फाट फाट बार काढत गेलास! सगळं कावळं उठून खालच्या अंगाला गेलं. सव्वा तास झाला, येक कावळा फिराकला न्हाई!"

"आन आमी थांब थांब म्हनून वरडतोय, तर वरनं हात करतो व्हय रं!"

"मला वाटलं तुम्ही कौतुक..." अंगद म्हणाला, आणि त्यावर त्याला एक टोला बसला.

सहादेवरावांच्या डोक्यात आता सगळं लख्ख झालं. इथले कावळे कुठे गेले आणि तिथे कावळे कुठून आले. गप्प राहिलं तर अंगावर काही येत नव्हतं. मागे हेल्मेटमध्ये कोण होतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. उशिरा का होईना, भाऊ आला, एवढंच दिसलं असतं. पण जावयाला दुसरा टोला बसायच्या बेतात होता. ते गर्दीत घुसले.

"सोडा त्यान्ला," ते म्हणाले. "माझ्यापायी झालं. मागं मीच बसलो हुतो. मला उशीर झाल्ता म्हनून त्यांनी गाडी पळवली. आमी हितनं फुडं निघून गेलो. बोरटाकळीत दुसऱ्याच्याच दहाव्याला बसलो. टॉवेल-टोपी बी तिथंच दिली."

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. लंकाबाई बायकांतून उठली आणि भावासमोर येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत ती बरीच वाळली होती. सहादेवरावांनी मान खाली घातली आणि पिशवी पुढे केली.

"तू?" लंकाबाई म्हणाली. "त्या फटफटीवर? यवढ्या येगानं?"

"व्हय."

"माझ्याकडं यायला?"

सहादेवरावांनी मान हलवली. लंकाबाईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, धुळीने माखलेल्या भुवया पदराने पुसल्या आणि मग भावाच्या गळ्यात पडून अशी रडली, की नवरा गेला त्या दिवशीही ती तशी रडली नव्हती. कॉलर धरणाऱ्यांनी अंगदची कॉलर सोडली आणि वर नीटनेटकीही करून दिली.

"आरं, तिकडं बघा!" राम ओरडला.

सगळे वळले. पिंडाचा भात विस्कटला होता आणि एक कावळा चोच पुसून निघाला होता. तो कधी आला, कुणाच्या बोलण्यावर शिवला, हे भांडणाच्या नादात कुणीच पाहिलं नव्हतं.

माणसं अंघोळीला उतरली. सहादेवरावांनी डोळे पुसले आणि बहिणीला म्हणाले, "वर्षश्राद्धाला मी आदुगरच येतो बघ. सगळ्यांच्या आधी. उशीर करायचो न्हाई."

"नगं रं बाबा," लंकाबाई म्हणाली. "सावकास ये. उशीर झाला तरी चालंल. मी हाये हितंच."