तळाचं उपकरण

मुख्य लिपिकाच्या जागेसाठी आम्हा सहा जणांची एकत्र ऑनलाइन मुलाखत गुरुवारी अकराला होती. या जागेकडे मी आठ वर्षं डोळे लावून बसलो होतो. ऐन वेळी घोटाळा नको, म्हणून बुधवारी दुपारी मी घरातल्या इंटरनेटला शिस्त लावायचं ठरवलं. (घरात माझं ऐकेल अशी तेवढीच एक गोष्ट उरली होती.)

राउटरच्या पानावर सोय झकास होती. नेट आधी कोणाला, मग कोणाला, अशी यादी लावायची. वरच्यांचं भागलं की उरेल ते खालच्यांना. पण यादीत नावं नव्हती, नुसते लांबलचक आकडे. माझा फोन हातातच असल्यामुळे त्याचा आकडा सापडला. बाकीचे कोणाचे? विचारायला गेलो असतो तर चर्चा झाली असती, आणि घरातल्या चर्चेत मी आजवर जिंकलेलो नाही. म्हणून एकेक आकडा बंद करायचा आणि कोण ओरडतं ते ऐकायचं, अशी युक्ती काढली.

पहिला बंद केला. "जावईबापू, माझी मालिका अडकली हो!" सासूबाईंचा टॅब. टिपून घेतलं.

दुसरा. "बाबाऽऽ! माझा क्लास!" लेक.

तिसरा. "अहो, आता काय केलंत?" बायको. (कोणी केलं, हे ती कधीच विचारत नाही.)

चौथा बंद केला. चिडीचूप. चांगली दहा मिनिटं वाट पाहिली, कोणाचं काही अडलं नाही. असलं ऐतखाऊ उपकरण मी सरळ तळाला ढकललं. पहिला नंबर अर्थात माझ्या फोनला.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसने दिलेला लॅपटॉप कपाटावरून काढून बसलो. समितीच्या मॅडमनी विचारलं, "कामांचा क्रम कसा लावता?"

"मॅडम, आधी निरुपयोगी काय ते ओळखायचं..." मी म्हणालो, आणि पडद्यावर सगळे जागच्या जागी थिजले.

"नेट कोणी बंद केलं?" मी घरभर ओरडत सुटलो.

बायकोने यादी पाहिली, मग लॅपटॉप उलटा करून पाठीवरची चिठ्ठी वाचली. "अहो, तळाचा आकडा याचाच आहे!"

"पण बंद केला तेव्हा कोणीच ओरडलं नाही!"

"तुमचा आहे ना," ती म्हणाली. "मग कोण ओरडणार?"

यादी उलटीपालटी करून मी पुन्हा जोडला गेलो तोवर वीस मिनिटं उलटली होती. मी धापा टाकत हात जोडले. "माफ करा मॅडम, मध्येच नाहीसा झालो!"

मॅडमनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं.

"हो का? कधी?"