शोकेसभाऊंनी घर मांडलं

घरात काय मांडावं आणि काय लपवावं, या विषयात शोकेसभाऊंचा हात धरणारा अख्ख्या बाजारात दुसरा नव्हता! असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं. पण ते त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की लोकांनी वाद घालणं सोडून दिलं होतं. एका मोठ्या दुकानाची दर्शनी काच सजवण्याचं काम ते करत. काचेमागे असा दिवाणखाना उभा करत, की रस्त्यानं जाणाऱ्याला आपल्या घरी परत जायची लाज वाटावी. आता त्या दिवाणखान्यातली पुस्तकं म्हणजे पुढून रांग आणि मागून रिकामं खोकं. फळं मेणाची. सोनेरी खुर्ची तर भाऊंनी स्वतःच्या हातांनी पुठ्ठ्याची केलेली. ती बघायची, बसायची नाही!

तर अशा या भाऊंच्या घरी एक दिवस घरमालकीणबाईंचा फोन आला.

"रविवारी येते," बाई म्हणाल्या. "घर कसं ठेवलंय ते बघीन, खिडकीशी घटकाभर बसेन, आणि मग पुढच्या वर्षीचं काय ते सांगेन."

फोन ठेवला आणि भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, लगेच केरसुणी हातात घेतली. हे घर हातचं जाऊन चालणारच नव्हतं. आधीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. भाऊंचे वडील, आप्पा, एकदा खाली उतरले की गुडघे वर चढू देत नसत आणि एकदा वर चढले की उतरू देत नसत. हे घर तळमजल्यावरचं. इथं आल्यापासून आप्पा रोज आपल्या पायांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन येत, आणि आल्यावर जग जिंकल्यासारखे खिडकीतल्या खुर्चीत बसत.

"घर झाडून पुसून घेऊ, पडदे धुऊ. बास झालं," वहिनी म्हणाल्या.

"अगं, झाडून पुसून काय होतंय? घर नजरेत भरलं पाहिजे! तू फक्त माझ्यावर सोड."

"तेच तर नको वाटतंय!"

पण भाऊ कुठले ऐकतात! ते दारात उभे राहिले, एक डोळा मिटला आणि दुकानातली काच निरखावी तसं आपलंच घर निरखू लागले. एकेका वस्तूकडे बोट दाखवून निकाल देऊ लागले. शिवणयंत्र? आत! इस्त्री? आत! पोचे पडलेला चहाचा डबा? आत, आत! कान तुटलेले कप? "हे अजून आपल्या घरात आहेत?" शेवटी बोट आप्पांच्या खुर्चीवर येऊन थांबलं.

ही खुर्ची ते राहायला आले तेव्हापासून खिडकीशी होती. कुणीतरी आधीचा भाडेकरू टाकून गेला असावा, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बैठकीला खळगा पडलेला, एका पायाला सुतळीचा जाडजूड वेढा. आप्पा तिच्यात बसून लोकांचे बंद पडलेले रेडिओ दुरुस्त करत. काही रेडिओ सुरू होत, काही नुसते खरखरत, आणि एक तर मनाला येईल तेव्हा आपोआप बोलायला लागे.

"ही अडगळ पहिली गेली पाहिजे," भाऊ म्हणाले.

"मग मीही जातो!" आप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "खुर्ची जाईल तिथं मी."

भाऊंनी एक डोळा मिटून आप्पांकडेही पाहिलं. अंगात विटका बनियन, कानावर पेन्सिल, मांडीवर पोट उघडलेला रेडिओ.

"तसंच करू," भाऊ म्हणाले. "दोघंही बाथरूममध्ये! तासाभराचा तर प्रश्न आहे, आप्पा."

"अहो, वडील आहेत ते!" वहिनी कडाडल्या.

"असू दे गं," आप्पा शांतपणे म्हणाले. "बाथरूममध्ये उजेड चांगला असतो. पण रेडिओ माझ्याबरोबर."

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. भाऊंनी मालकांची परवानगी घेऊन दुकानातला अर्धा दिवाणखाना टेम्पोनं घरी आणला. पुस्तकांची रांग भिंतीशी लागली. फळांची परडी टेबलावर आली. उंच दिवा कोपऱ्यात उभा राहिला. खिडकीशी सोनेरी खुर्ची! आणि घरचा होता नव्हता तो सगळा संसार मोठ्या कपाटात कोंबून, दाराला खांदा लावून भाऊंनी कडी घातली. कपाट फुगून बसलं.

"चहाचा डबा कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"कपाटात."

"आणि साखर? कप?"

"कपाटात."

"मग बाईंना देऊ काय?"

"अगं, आता ते दार उघडलं तर सगळा संसार अंगावर येईल! त्या काय खायला येताहेत का?"

तेवढ्यात बेल वाजली.

घरमालकीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी आणि नजर मात्र करवतीसारखी. उंबऱ्यातच त्या थबकल्या.

"अगंबाई! इतकं चकचकीत?"

"आम्हाला टापटिपीची आवड आहे," भाऊ विनयानं म्हणाले आणि वहिनींकडे बघून भुवया उडवल्या.

"चालत आले हो. फार लांब पडलं." बाई टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "नुसतं एक सफरचंद घेते."

"नको!" भाऊ ओरडले.

"नको?"

"म्हणजे... धुतलेलं नाही!"

"आम्ही असले लाड नाही करत," म्हणत बाईंनी सफरचंदाचा करकचून लचका तोडला. मग त्या चावू लागल्या. चावता चावता त्यांच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आलं, मग शंका, मग अशी काही उदासी, की वहिनींनी पुढे होऊन मुकाट्यानं हात पसरला. बाईंनी मेणाचा तुकडा त्या हातावर ठेवला.

"एक पुस्तक बघू," बाई थंड आवाजात म्हणाल्या. एक ओढलं तर सगळी रांगच हातात आली. मागे खोकं. बाईंची नजर आता दिव्याकडे गेली. दिव्याच्या दांडीवर दुकानाची चिठ्ठी लटकत होती. बाईंनी चष्मा सावरून ती मोठ्यानं वाचली.

"'नवा माल. आजच भेट द्या.'"



"कळलं!" बाईंनी काठी आपटली. "दुकान काढताय माझ्या घरात! घर राहायला दिलं होतं मी. इथं चुलीवर आधण नाही, दोरीवर कपडा नाही, दाराशी चप्पल नाही. तुम्ही इथं राहतच नाही!"

"राहतो! शपथ, राहतो! इथंच राहतो!"

"मग तुमचे वडील कुठायत? आप्पा आप्पा करत घर मागायला आला होतात ना? तळमजला हवा, गुडघे दुखतात म्हणून! ते तरी खरे आहेत का तेही पुठ्ठ्याचेच?"

भाऊंनी बाथरूमच्या दाराकडे चोरून पाहिलं. वडील बाथरूममध्ये ठेवलेत, हे सांगायचं कसं? वहिनींच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिसरा मजला, तो जिना, कठड्याला धरून मधेच थांबलेले आप्पा, सगळं त्यांना समोर दिसू लागलं.

"पुढच्या महिन्यात घर रिकामं करा," म्हणत बाई रागानं खिडकीशी गेल्या आणि सोनेरी खुर्चीत बसल्या.

म्हणजे बसू लागल्या. खुर्चीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि सावकाश, अदबीनं, चारही पाय पसरून ती जमिनीला टेकली. तिच्याबरोबर बाईही टेकल्या. काठी तेवढी हातात उभी राहिली!

"धरा! धरा!" दोघं धावले. बाईंना लागलं काहीच नव्हतं. इतक्यात बाथरूममधून भारदस्त आवाज आला, "आता ऐका हवामान. आज दिवसभर वातावरण आल्हाददायक राहील."

"कोण आहे तिथं?" बाई उठल्या, तरातरा गेल्या आणि त्यांनी दार ढकललं.

आत, बादली आणि साबणाच्या मधोमध, आप्पा खुर्चीत बसलेले! मांडीवर रेडिओ, हातात पेचकस.

"या," आप्पा म्हणाले. "बसा म्हटलं असतं, पण खुर्ची एकच आहे."

बाईंचं आप्पांकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीकडे बघत होत्या.

"माझी खुर्ची," त्या हळूच म्हणाल्या. "हिच्यासाठी तर आले मी. मुलाच्या घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून खिडकीशी सोडून गेले होते. मला वाटलं, तुम्ही भंगारात घातलीत." त्या वाकल्या आणि सुतळीच्या वेढ्यावरून त्यांनी हात फिरवला. "आमच्या लग्नानंतर आम्ही दोघं एकदमच बसलो हिच्यात. तेव्हा मोडला हा पाय. मग ह्यांनी बांधला. पण ही सुतळी ती नाही."

"जुनी कुजली होती," आप्पा म्हणाले. "बदलली. गाठ मात्र होती तशीच घातली. चांगली गाठ होती."

बाई हसल्या. एवढ्या मोठ्यानं हसल्या, की डोळे पुसावे लागले, आणि डोळे पुसताना आणखी हसल्या. वहिनींचा जीव भांड्यात पडला. "आता चहा!" त्या आनंदानं ओरडल्या आणि काही कळायच्या आत त्यांनी कपाटाची कडी काढली.

धडाड! उशा, पातेली, धुवायचे कपडे, कान तुटलेले कप, झाडू, चपला, सगळा संसार खळाळत दिवाणखान्यात आला. पोचे पडलेला डबा घरंगळत घरंगळत बाईंच्या पायाशी येऊन थांबला. बाईंनी तो उचलला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "हां. आता इथं कोणीतरी राहतंय!"

खुर्ची परत खिडकीशी आली. बाई तिच्यात बसून बिनकानाच्या कपातून दोन वेळा चहा प्याल्या. आप्पांनी शेजारी पिंपावर बैठक मारली. निघताना बाई म्हणाल्या, "घर तुमचंच. पण दर रविवारी मी इथं बसायला येणार. आणि माझी अट आहे. या घरातलं काहीही लपवायचं नाही."

"काही म्हणजे काही लपवणार नाही!" भाऊंनी छातीवर हात ठेवला.

"माझं पुरतं ऐका. मी येईन तेव्हा फक्त तुम्हाला तेवढं कुठंतरी ठेवायचं."

"बाथरूम मोकळी झालीय," आप्पा म्हणाले. "उजेड चांगला असतो."

पुढच्या रविवारी बाई आल्या. बाहेर खुर्ची करकरत होती, कप वाजत होते, आप्पा आणि बाई रेडिओवरून भांडत होते आणि वहिनी पोट धरधरून हसत होत्या. आत शोकेसभाऊ पाटावर बसून होते. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग ब्रश उंचीप्रमाणे लावले. बादलीवर तांब्या तिरपा ठेवून बघितला. टॉवेलाची घडी बदलली. दोन पावलं मागे सरकून एक डोळा मिटला आणि शेवटी राहवेना म्हणून दार बोटभर उघडलं.

"अहो बाई," ते हळूच म्हणाले, "हात धुवायला तरी येऊन जा! बघण्यासारखं झालंय!"

बाहेर आप्पांनी रेडिओचा आवाज वाढवला.