मध्यावर चौदा

१९७१ च्या ऑक्टोबरात राहात्याजवळच्या आमच्या कॉलेजात प्री-डिग्रीच्या चाचणीला पुढील प्रश्न आला : दोन सारखे धनभार वीस सेंटीमीटर अंतरावर ठेवले आहेत; त्यांच्या बरोबर मध्यावर विद्युतक्षेत्र किती? पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं होतं, चौदा. एकसष्ट विद्यार्थ्यांनी चौदा आणलं. कुणी π ने गुणलं, कुणी वाटेत हवेचं तापमान मिळवलं, पण आणलं. एकट्या लीनाचं उत्तर शून्य आलं.

लीना सोनईच्या पोस्टमास्तरांची मुलगी. टायफॉइडमुळे तिची अर्धी चाचणी बुडाली होती. वार्षिक परीक्षेचा फॉर्म भरायला तिला नेमके या प्रश्नाचे पाच गुण हवे होते. नाहीतर वडिलांनी घोडेगावचं स्थळ पाहून ठेवलंच होतं.

भौतिकशास्त्राचे सुमंत सर मनाने चांगले. ते म्हणाले, "अगं, शून्य यायचं असतं तर पाच गुण कुणी ठेवले असते?"

"पण सर, दोन्हीकडून जोर सारखाच आहे."

घंटा द्यायला निघालेला शिपाई सहादेव दारात थबकला. "पोरीचं खरं हाय, सर. दोन्ही अंगानं सारखंच बैल वढाया लागल्यावर गाडी हालंल व्हय?"

सहादेवला विषयाबाहेर बोलल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली.

सरांनी प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर आलं, "सदर उत्तर मान्यताप्राप्त असून, सुधारणा होईपर्यंत तेथील विद्युतक्षेत्र चौदाच समजावे." मग डिसेंबरात शुद्धिपत्र आलं : 'चौदा'ऐवजी 'शून्य' वाचावे.

लीना ते घेऊन धावतच आली. सरांनाही मनापासून आनंद झाला. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब मात्र गंभीर झाले.

"शुद्धिपत्र डिसेंबरातलं," ते म्हणाले, "अन् पोरीनं उत्तर लिव्हलं ऑक्टोबरात. छापायच्या आदी तिला कळलं कसं? फुटलं कुठून?"

ताबडतोब चौकशी समिती नेमण्यात आली. भौतिकशास्त्राच्या माणसाला विषयाची माहिती असल्याने तो निःपक्षपाती राहणार नाही, म्हणून सुमंत सरांना वगळलं. सचिव मी. मी इतिहास शिकवतो.

लीनाकडून लेखी खुलासा मागवला. तिने एकच ओळ लिहिली, "मी गणित सोडवले."

आम्ही ती तीनदा वाचली. एकसष्टांपैकी कुणालाही न सुचलेली ही पद्धत समितीला संशयास्पद वाटली. 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारून फॉर्म नाकारला. पुढच्याच रविवारी घोडेगावचे पाहुणे येऊन गेले. मला फार वाईट वाटलं. सही मात्र मी वेळेत केली होती.

वाचकहो, आम्हांला खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, शून्य हे उत्तर बरोबर असल्याचं तुम्ही स्वतः सोडवून पाहिलंत, की इथे छापलंय म्हणून मानलंत?